बांध न घातलेला माळ

लिहिण्याची मला सवय नाही, आणि असे काही लिहावे इतकी माझी श्रद्धाही कधी दृढ नव्हती. कृषी खात्यातील माझी बहुतेक नोकरी शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत झाली. देवळात जात असे, पण लक्ष बाहेर काढलेल्या चपलांकडे. पत्नीच्या आजारपणात केलेल्या प्रार्थना निष्फळ ठरल्यावर तेही थांबले. त्यामुळे पुढील प्रसंगाचा अर्थ लावण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. घडले तसे सांगतो.

माझी मुलगी वैमानिक आहे. गेल्या उन्हाळ्यात तिने मला चार आसनी विमानातून फिरवून आणायचे ठरवले. मनातून भीती वाटत होती, परंतु तिचा हिरमोड करवेना. आसनगावचे रूळ, शहापूरची बाजारपेठ वरून ओळखत आम्ही मुरबाडच्या दिशेला वळलो, तेव्हा मला जळक्या प्लास्टिकचा वास आला. विमानात असा वास येतच असेल, विचारले तर हसू होईल, असे वाटून मी गप्प राहिलो. संकोचापायी मी आयुष्यात पुष्कळदा गप्प राहिलो आहे. पण त्या दोन-तीन मिनिटांची लाज अजून जात नाही.

मग समोरच्या, वेग आणि उंची दाखवणाऱ्या काट्यांच्या फळीमागून करडा धूर येऊ लागला. मुलीने रेडिओवर संकटाचा संदेश दिला आणि लगेच विजेची मुख्य कळ बंद केली. कानांवरचे हेडफोन मुके झाले. इंजिन मात्र चालू राहिले. त्याला त्या विजेची गरज नसते, हे मला नंतर समजले. तिने अग्निशामक फवारला, खिडकी उघडली. धूर कमी झाला, थांबला नाही.

"विमानतळापर्यंत जाता येणार नाही, बाबा," ती ओरडून म्हणाली. "आणि वेग कमी करणारे फ्लॅप विजेवर चालतात, ते आता उघडणार नाहीत. लांब, सपाट जागा हवी."

खाली भातखाचरे होती, आणि प्रत्येक खाचराला बांध. चाक एका बांधाला अडले तरी विमान उलटले असते. जन्मभर मी बांधच मोजत आलो होतो. तेवढ्यात मला तो माळ दिसला. कडेला एका झाडाखाली देवीचे ठाणे. बांध घालून तेथे काजू लावण्याची योजना अनेक वर्षांपूर्वी मीच आखली होती. गावाने ती नाकारली. ठाण्याची झाडलोट करणारी बाई म्हणाली होती, "साहेब, देवीच्या पायात बांध घालाचा नाय. इथं येनारानं एक दगड उचलून कडंला टाकाचा, मंग पाया पडाचा." मी दगड उचलला नव्हता. अहवालात मात्र लिहिले होते: अंधश्रद्धेमुळे जमीन पडीक.

"तो माळ!" मी ओरडलो. "तिथे बांध नाहीत."

"नक्की?"

"नक्की."

"वारा कुठून आहे?"

मला काय सांगता येणार? पण माळाच्या टोकाला एकच राब जळत होता. भाताचे बी पेरण्यापूर्वी पालापाचोळा आणि शेण पसरून जमीन भाजतात, तो राब. त्याचा धूर घाटाकडे झुकला होता. मी बोट दाखवले. तिने घाट पाठीशी घेऊन विमान वाऱ्याला सामोरे केले. माझे हात जोडले गेले. "आता तू सांभाळ," एवढेच मी म्हणालो. मुलीला की आणखी कोणाला, ते मला आजही सांगता येत नाही.

चाके टेकली, उसळली, पुन्हा टेकली. विमान खूप लांबवर धावले आणि ठाण्याच्या अलीकडे थांबले. मुलीने मला ओढून दूर नेले. माणसे हंडे घेऊन धावत आली. त्यांच्यामागून राखेने माखलेल्या हातांची तीच बाई आली, आता वाकलेली.

"लागला काय गो पोरी?" तिने आधी मुलीला चाचपले. मग डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिले. "तुमी ते बांधवाले साहेब ना? आता विमानात बसून आलाव काय मोजाला?"

सगळे हसले. मुलगीही हसली. मी रडलो.

राब तिचाच होता. राब एरवी सकाळी, वारा पडलेला असताना पेटवतात; आज भर दुपारी कसा, असे मी विचारले. "सकालीच पेटवाचा होता. काडेपेटीच गावली नाय. शेजारनीची आनली तवर दुपार झाली," ती म्हणाली आणि राब विझू नये म्हणून लगबगीने परत गेली.

पत्नीच्या वेळी का नाही आणि आता का, हा प्रश्न मी त्यानंतर सोडून दिला. उत्तर मिळाले म्हणून नव्हे. माझ्या शहाणपणाप्रमाणे घडले असते तर माझी मुलगी आज नसती, एवढे मला पुरेसे झाले. न मागता मिळालेले पदरात घ्यावे, आणि गप्प न राहता कृतज्ञता बोलून दाखवावी, म्हणून हे लिहिण्याचे धाडस केले.

निघण्यापूर्वी पाया पडायचे होते, म्हणून आधी दगड शोधू लागलो. किती पिढ्यांनी तो माळ वेचला होता कोण जाणे. बराच वेळ वाकून फिरलो, तेव्हा कुठे बोराएवढा एक खडा हाती लागला.