बुढी, नवरी आणि परतवाड्याची बदली

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. भिंतीला पाठ टेकवून उठलं की सदऱ्याला चुना लागलेला असतो, तसे ते लागतात. घरी गेल्यावर बायको झटकून टाकते आणि दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा त्याच भिंतीला टेकतो. मला रोज जेवणानंतर चार ओळी लिहून ठेवायची सवय, म्हणून माझ्याकडचे जरा जास्त टिकले. त्यातले हे दोन मशिनींचे.

आमचं ऑफिस अकोल्यात, कालव्याच्या मोजणीचं. शेतांतून मापं यायची आणि किती माती खोदायची, कुणाची किती जमीन कालव्यात जाणार, हे आम्ही टेबलावर बसून काढायचो. त्यासाठी आकडेमोडीच्या दोन मशिनी होत्या. एक जुनी, हाताने दांडा फिरवायची, स्वस्तातली. तिला सगळे बुढी म्हणत. दुसरी विजेवर चालणारी, नवी कोरी आणि महागडी. ती अर्थातच नवरी. बुढीवर इंगळे बसत, नवरीवर गावंडे. मी दोघांचा हेडक्लार्क, म्हणजे भांडण लागलं की दोघंही ज्याच्याकडे येतात तो.

*

बुढी आमच्याकडे आली ती एका बंद पडलेल्या जिनिंगच्या लिलावातून. लिलावात कपाटं होती, तराजू होते, आणि एका कोपऱ्यात ही. मी तिथल्या मुनिमाला विचारलं की मशीन चालते का. मुनीम दुखावला.

"चालते म्हंजे? गुणाकार एकदम पक्का येते. फक्त कापसाच्या दिवसांत जरा जड चालते."

मला वाटलं, मुनीम काहीतरी सांगतोय. इंगळ्यांनी ऑफिसात आणून तिचं झाकण उघडलं तर आत कापूसच कापूस, सरकी निघायची तेवढी बाकी होती. पुढे कितीतरी दिवस मोठा गुणाकार केला की दांड्याजवळून कापसाचा एखादा पुंजका बाहेर यायचा. इंगळे तो अलगद काढून बाजूला ठेवत आणि उत्तर वाचत.

*

बुढीला एक घंटी होती. भागाकार करताना दांडा उलटा फिरवत जायचं. एक फेरा जास्त झाला की घंटी वाजे. मग एक फेरा परत फिरायचं आणि पुढच्या आकड्याकडे सरकायचं. इंगळ्यांना ही घंटी फार आवडे. ते म्हणत, "चुकल्याबरोबर सांगते आन् एकच पाऊल मांगं याले लावते. घरच्या मानसालेबी येवढं जमत नाई."

पंचाईत अशी की आमच्या साहेबांच्या टेबलावरची घंटी अगदी तशीच वाजायची. साहेब बसत अमरावतीला, पण महिन्यातून एखादी फेरी अकोल्याला असे. रहीमचाचा आमचे चपराशी, बाळापूरचे. सुरुवातीला साहेब आलेले असले की ते बुढीच्या प्रत्येक घंटीला साहेबांच्या खोलीत पाणी घेऊन जात. मग शहाणे झाले आणि घंटी वाजली तरी जागचे हलेनात.

एकदा साहेब स्वतः खोलीबाहेर आले. पुण्याकडचे, आवाज न चढवता रागावणारे. मी घंटी वाजवतोय ते ऐकू येत नाही का, असं त्यांनी विचारलं.

रहीमचाचा अदबीने उठले. "आती है साब. हमें लगा, इंगळे साब का भागाकार चालू है."

*

नवरी आली ती खोक्यातून, भुशात बसवून. गावंडे तेव्हा नुकताच लागलेला, भातकुलीकडचा, एकटा जीव, कामाला चपळ आणि तोंडाने त्याहून. बटणं दाबायची, कळ दाबायची, की मशीन स्वतःच खडखड करत उत्तर काढायची. इंगळ्यांचा दांडा अर्धा फिरतोय तोवर गावंडे उत्तर वाचून, सुपारी कातरून मोकळा. वर म्हणे, "भाऊ, तुमचं दळन झालं का सांगजा. मंग चहा सांगू."

इंगळे हसत. ते हळू हसत आणि हळूच दांडा फिरवत.

पण खोलीत प्लग एकच आणि त्याला साहेबांनीच मंजूर केलेला टेबलफॅन. म्हणजे नवरी चालवायची तर पंखा बंद. अकोल्याचा मे महिना ज्याने पाहिलाय त्याला पुढचं सांगायला नको. गावंडेने प्लगकडे हात नेला की सगळी खोली त्याच्याकडे अशी बघे, की तो हात तसाच डोक्यावरून फिरवून मागे घेई. त्या दिवसांत सगळं काम बुढीवर झालं.

वर्षअखेर वरून विचारणा आली की नव्या मशीनचा अनुभव कळवा. मी पुष्कळ विचार केला आणि लिहिलं, "काम समाधानकारक. फक्त उन्हाळ्यात जरा जड चालते."

*

एक दिवस भातकुलीकडचे एक पाटील आले. त्यांच्या शेताचा तुकडा कालव्यात जात होता आणि आम्ही काढलेलं क्षेत्रफळ त्यांना कमी वाटत होतं. मी म्हटलं, पुन्हा काढू. त्यांनी दोन्ही मशिनींभोवती एक चक्कर मारली, बैल बघतात तशी.

"असं करा बाबू, दोन्हीवर काढा. जे जास्त येईन ते लिवा."

दोन्हीवर काढलं. गावंडेचं उत्तर चटकन आलं. इंगळ्यांचं आलं तेव्हा पाटलांचं पाणी पिऊन झालं होतं. दोन्ही उत्तरं सारखी, शेवटच्या आकड्यापर्यंत.

पाटलांनी ते दोनदा वाचून घेतलं. आपलं गाऱ्हाणं ते विसरूनच गेले. माझ्याकडे वळून अगदी काळजीने म्हणाले, "मंग येवढी महाग काहून घेतली?"

*

नवरीचा एकच दोष होता. भाजकाच्या जागी काही न मांडता चुकून भागाकाराची कळ दाबली, म्हणजे शून्याने भागायला लावलं, तर ती थांबत नसे. गावंडेच्या हातून हे एकदा झालं. मशीन फिरायला लागली ती फिरतच राहिली. आकडे सरसर पळताहेत, टेबल थरथरतंय. गावंडेने प्लग उपटला. थोड्या वेळाने पुन्हा लावला, तर तिने तेच काम जिथल्या तिथून पुढे सुरू केलं.

नागपूरहून मेकॅनिक आला. त्याने आधी चहा घेतला, मग डाव्या बाजूचा एक छोटा खटका दाबला. मशीन गप्प. एवढंच.

तेव्हापासून गावंडेने सगळ्या ऑफिसला धडा दिला. जो कुणी नवरीजवळ उभा राहील त्याला ऐकावंच लागे, "शून्यानं भागाचं नाई. भागलंच त हा खटका दाबाचा." मला पाठ झालं, इंगळ्यांना झालं. रहीमचाचा तर फडकं मारताना स्वतःशीच पुटपुटत.

त्यांची एक वेगळीच तक्रार होती. एकदा दुपारी भागाकार अर्ध्यावर असताना वीज गेली ती ऑफिस सुटेपर्यंत आलीच नाही. प्लग तसाच राहिला. सकाळी चाचा झाडू मारत असताना वीज आली आणि रिकाम्या खोलीत नवरीने उरलेलं काम सुरू केलं. मी पोचलो तेव्हा चाचा झाडू धरून व्हरांड्यात उभे.

"बाबूजी, ये हमसे पहले ड्यूटी पे लग गई. अब तनखा किसकी कटेगी?"

*

गावंडे खानावळीत जेवायचा आणि खानावळीला नावं ठेवायचा. एकदा इंगळ्यांनी त्याला आपल्या डब्यातली भाकर दिली, सोबत मुंगाचं वरण आणि तिखट. दुसऱ्या दिवशी तो डबा उघडायच्या वेळेला नवरी बंद करून आपोआप शेजारी येऊन बसला. तिसऱ्या दिवशीपासून डबा मोठा झाला. इंगळ्यांच्या बायकोने, शांताबाईंनी, कुणी काही न सांगता दोघांचा भरायला सुरुवात केली होती.

गावंडेचं तोंड जेवतानाही चालू. भाकर इंगळ्यांची, वरण शांताबाईंचं आणि टिंगल बुढीची. मी एकदा म्हटलं, अरे, खाल्ल्या मिठाला तरी जाग. तर म्हणाला, "वहिनीच्या हाताले मी कवा नाव ठेवलं? मी त बुढीले ठेवतो."

शांताबाई तेव्हा मास्तरणीच्या ट्रेनिंगला जात होत्या. इंगळ्यांची मुलगी लहान. सकाळी शांताबाई कॉलेजात गेल्या की मुलीचं न्हाणं-खाणं उरकून, तिला शेजारी ठेवून इंगळे ऑफिसात यायचे. कधी शर्टावर दुधाचा डाग असे. दोघांच्याही घराण्यात शिकवायला उभी राहणारी ही पहिली बाई होणार होती आणि ट्रेनिंगचं शेवटचं वर्ष सुरू होतं.

*

आता साहेबांच्या स्वभावाचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. साहेब अन्याय कधी करत नसत, पण मागितलेली गोष्टही कधी देत नसत. मागणं म्हणजे शिस्त मोडणं, असं त्यांचं मत. आमच्या एका ओव्हरसियरने घरच्या अडचणीपायी बाळापूर मागितलं, त्याला परतवाडा मिळाला. दुसऱ्याने ते पाहून डोकं चालवलं. त्याला परतवाडा हवा होता, म्हणून त्याने बाळापूर मागितलं. साहेब त्या दिवशी प्रसन्न होते. म्हणाले, "जा, दिलं."

*

पुढच्या एप्रिलात परतवाड्याला नवं ऑफिस निघायचं ठरलं. तिथे एक मशीन हवी आणि तिच्यावर बसणारा एक माणूस. साहेब अमरावतीहून जीपने आले आणि सगळ्यांना उभं करून सांगितलं की दोन्ही मशिनींची समोरासमोर परीक्षा होईल. जी जलद, ती मोठ्या कामासाठी अकोल्यात राहील. जी हरेल, ती आपल्या माणसासकट परतवाड्याला. माझा शब्द म्हणजे शब्द, असंही म्हणाले.

खोलीत कुणी इंगळ्यांकडे पाहिलं नाही. नवरी जिंकणार, हे रहीमचाचांनाही माहीत होतं. इंगळे परतवाड्याला गेले की सकाळी मुलीचं करायला घरात कुणी नाही, म्हणजे शांताबाईंचं ट्रेनिंग तिथंच संपलं. आणि साहेबांना सांगायची सोय नाही. सांगितलं असतं, तर परीक्षाही न घेता ऑर्डर निघाली असती.

जेवायच्या सुट्टीत इंगळ्यांनी नेहमीसारखा डबा उघडला. गावंडे बसला. त्या दिवशी तो बुढीवर एक अक्षर बोलला नाही. मी विचारलं, तर म्हणाला, "पोट भरू द्या बाबूजी. मांगून परीक्षा हाये."

साहेब खुर्चीत बसले, घड्याळ टेबलावर ठेवलं. नवरीसाठी पंखा बंद झाला. गणितांचा एकेक कागद दोघांना दिला. "करा सुरू."

गावंडेची बोटं कशी चालत होती काय सांगू! इंगळे आपल्या चालीने दांडा फिरवताहेत, घंटी वाजते आहे, एक फेरा मागे येताहेत, पुढे सरकताहेत. ते कागदाच्या निम्म्यावर नव्हते तेव्हा गावंडे शेवटच्या गणिताला आला. तो भागाकार होता. मी त्याच्या मागेच उभा होतो. त्याने वरची संख्या मांडली. भाजकाच्या जागी एकही बटण दाबलं नाही. भागाकाराची कळ दाबली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

नवरी फिरायला लागली.

डावीकडचा खटका त्याच्या कोपराजवळ होता. मी खटक्याकडे पाहिलं. चाचांनी खटक्याकडे पाहिलं, मग बंद पंख्याकडे पाहिलं, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. टेबल थरथरत होतं. इंगळे मान खाली घालून फिरवत होते. त्यांना आवाज कळला असणारच, पण त्यांनी मान वर केली नाही.

साहेबांचा सदरा पाठीला चिकटला होता. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, "काय करतंय हे?"

"उत्तर शोधून राह्यली साहेब," गावंडे म्हणाला.

"अजून किती वेळ?"

"महागाची मशीन हाये साहेब. लय खोलवर शोधते."

तेवढ्यात बुढीची घंटी वाजली. इंगळे एक फेरा मागे आले, शेवटचा आकडा सरकवला, कागदावर उत्तर लिहिलं आणि उभे राहिले. "झालं साहेब."

साहेबांनी कागद पाहिला. सगळं बरोबर. नवरी अजून शोधत होती. साहेबांनी रुमालाने मान पुसली, घड्याळ खिशात टाकलं आणि उठले.

"मग हिला परतवाड्याला शोधू द्या. रहीम, तो प्लग काढ. आधी पंखा लाव."

*

नवरीला गोधडीत गुंडाळून, दोरीने बांधून, आम्ही मोटर स्टँडवर गेलो. गावंडेने तिला खिडकीजवळ बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. कंडक्टर तिचंही तिकीट मागत होता, त्यावर त्याची थोडी वादावादी झाली. मी आणि चाचा खाली उभे. इंगळे खिडकीपाशी गेले. 

"गावंडे, खटक्याचं त तूच समद्याइले शिकवलं होतं."

गावंडे गोधडीची गाठ सोडून पुन्हा बांधत होता. मोटर सुरू झाली, तेव्हा त्याने डोकं बाहेर काढलं.

"भाऊ, वहिनीले सांगजा, उद्यापासून डबा एकाचाच भरत जा म्हना."