कोपरगावला नेलेले कागद

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नगरच्या सावेडी भागात एका दोन खोल्यांच्या ऑफिसात मी वेबसाईट बनवायचं काम करायचो. संगमनेरच्या एका कॉलेजचे प्रवेशचौकशीचे फॉर्म आमच्याकडे होते. विद्यार्थ्यानं फॉर्म भरला की माहिती ई-मेलनं कॉलेजात जायची. त्यामागचे सगळे प्रोग्राम माझ्याबरोबर काम करणाऱ्या ताईंनी पर्ल या भाषेत लिहिले होते. पुढे वडिलांना अर्धांगवायू झाला आणि नोकरी सोडून त्या कोपरगावला घरी गेल्या.

सर्व्हर पुण्यातल्या एका कंपनीचा. तिनं एका सोमवारी पर्लची नवी आवृत्ती टाकली आणि आमचे सगळे फॉर्म बंद पडले. पडद्यावर नुसतं ‘सर्व्हरमध्ये चूक’. कुठल्या ओळीत, कसली, काही नाही. फोन केला तर म्हणाले, “तुमचा कोड जुना आहे, आम्ही काय करणार?”

चार दिवस मी ओळी खोडत होतो, परत घालत होतो. फाइल सर्व्हरवर चढवताना फोनची लाईन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. पाचव्या दिवशी अक्षरं डोळ्यांपुढून नुसती सरकायला लागली. मग सगळे प्रोग्राम कागदावर छापले, पिशवीत घातले आणि कोपरगावची एसटी धरली.

ताईंनी ओल्या हातांनीच दार उघडलं. आतून वडिलांचा आवाज आला, “कोन हाय गं?”

“आमच्या हापिसातले सर आल्यात, आण्णा.” मग माझ्याकडे वळून, “बसा ना सर.”

आठ महिने त्यांनी कॉम्प्युटर पाहिला नव्हता. मी दिलेले कागद चाळताना तिसऱ्या पानावर त्यांचं बोट थांबलं.

“आवृत्ती बदलली का?”

“हो.”

“मग हे बघा. अवतरणचिन्हांत ई-मेलचा पत्ता आहे. त्यातल्या ॲटच्या खुणेपुढचं नाव म्हणजे एखाद्या यादीचं नाव, असं नव्या पर्लला वाटतं. तशी यादी सापडत नाही, म्हणून प्रोग्राम तिथंच थांबतो. खुणेच्या आधी एक उलटी तिरकी रेघ द्या.”

“एवढंच?”

“एवढंच. पण प्रत्येक ठिकाणी.”

मला आनंद व्हायला हवा होता. पण तिथल्या बाजेवर आडवं व्हावं, एवढंच वाटत होतं. ताईंनी लाल पेन घेतलं आणि एकेक जागा खुणावायला लागल्या. मध्ये तीनदा आण्णांनी हाक मारली. दर वेळी त्या उठल्या, त्यांना कूस बदलून दिली, पाणी पाजलं आणि परत येऊन नेमकी तीच ओळ धरली.

“परत या ना कामावर,” मी म्हणालो.

“आण्णांचं कोण करणार?” त्यांनी मान वर केली नाही. शेवटचं पान झाल्यावर म्हणाल्या, “बरं वाटलं पण. दोन तास डोकं दुसरीकडे होतं.”

नगरला येऊन सगळ्या रेघा घालायला आठवडा गेला. दोन जागा माझ्याकडून सुटल्या, त्या पुन्हा शोधल्या. सगळं सुरू झाल्यावर कॉलेजला फोन लावला. तिथले कारकून म्हणाले, “बंद हुतं व्हय?”

दुसऱ्या दिवशी ताईंना पोस्टकार्ड टाकलं. सगळे फॉर्म चालू आहेत, असं लिहिलं. आणि कॉलेजनं तुमचे खास आभार मानलेत, असंही खोटंच लिहिलं.