सोफ्याचं कव्हर आज काढलं

मंडळी, आज दुपारी एकीने मला एक साधा प्रश्न विचारला. तो अजून डोक्यातून जात नाही.

मी मेहरूणला एकटी राहते. जळगावची धूळ तुम्हाला माहीतच आहे, म्हणून घरात सगळ्याला कव्हर. टीव्हीला, मिक्सरला, मोबाइलला, रिमोटलासुद्धा. सोफ्याची कव्हरं तर जुन्या चादरींची मीच शिवली आहेत. सकाळी मुलाचा पुण्याहून फोन आला, "आई, तुझं विम्याचं कव्हर वाढवलंय, आता काळजी करू नकोस." म्हटलं, बरं झालं, मीच तेवढी उघडी राहिले होते.

दुपारी वरच्या मजल्यावरच्या अक्का विरजण मागायला आल्या. शिंदखेड्याहून नुकत्याच लेकीकडे राहायला आल्या आहेत. दारातूनच त्यांनी खोलीतल्या सगळ्या कव्हरांवरून नजर फिरवली आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "बठ्ठं झाकी ठेयेल शे. गावले जानं शे का ताई?"

मी म्हटलं, "नाही, गावाला कुठली जातेय, मी इथेच असते." त्या ओशाळल्या आणि माझ्याच वाटीत विरजण घेऊन लगेच गेल्या. त्यांना "बसा" म्हणायचंही राहून गेलं.

मग मी सोफ्याचं कव्हर काढून पाहिलं. आमचे हे असताना घेतलेला सोफा, आतलं निळं कापड अजून दुकानातल्यासारखं कोरं. मीसुद्धा त्यावर कधी बसत नाही, स्वयंपाकघरातल्या स्टुलावरच बसते.

कव्हर अजून परत घातलेलं नाही. माझी वाटी अक्कांकडे आहे. ती द्यायला तरी त्या येतील ना?