सातव्या महिन्यात आलेलं यंत्र

को छिंग-प्याउ यांच्या शेडचे हिशेब मी बरीच वर्षं सांभाळतो आहे. आमच्या मादौ गावात पपनसं सगळेच लावतात, पण आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला येणाऱ्या मध्य-शरद सणाच्या भेटीच्या पेट्या भरून गावोगाव पाठवणारी शेड म्हटली की लोक प्याउंचंच नाव घेतात. काटक अंग, मोठा आवाज, पायांत कायम रबरी बूट. वडील अकाली गेले तेव्हा ते सायकलला टोपल्या बांधून फळं विकायचे; तिथून त्यांनी हा धंदा उभा केला. त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला पुष्कळ आहे. पण यंदा त्यांनी मला इतका वैताग दिला की तो आधी सांगून टाकल्याशिवाय बाकीचं सुचणार नाही.

त्यांचा एकुलता एक मुलगा लांब शिंचू शहरात संगणकाच्या चिप बनवायच्या कारखान्यात आहे. सून ग्योकलुआन मात्र इथेच राहिली, कारण तिला हा धंदा आवडतो. यंदा तिने स्वतः खटपट करून शिंचूच्या एका कंपनीची ऑर्डर मिळवली: आठशे पेट्या, सगळ्या सणाआधी पोचायला हव्यात. प्याउ माझ्यासमोर तिला म्हणाले, "एवढी ऑर्डर वेळेत पोचव, शेड तुझी. नाही जमलं तर नवऱ्याकडे जाऊन राहा. दोघं दोन गावांना, हा काय संसार आहे?"

"ठरलं, अप्पा," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "तेंगकाका साक्षीला आहेत."

एका पेटीतली फळं एकसारख्या वजनाची लागतात. नाहीतर घेणाऱ्याला वाटतं, उरलंसुरलं भरून पाठवलं. ही निवड आजवर गावातल्या बायका हाताने करायच्या. त्यांचे गुडघे आता बोलायला लागले होते, म्हणून ग्योकलुआनने वजनाप्रमाणे फळं वेगळी करणारं यंत्र मागवलं. प्याउंनी लगेच बायकांना निरोप धाडला, "यंदा यंत्र येतंय, तुम्ही घरी बसा." मी म्हटलं, यंत्र येऊ तर द्या. पण ऐकतो कोण?

यंत्र सहाव्या महिन्यात यायचं होतं. यंत्र बनवणाऱ्यांनी उशीर केला आणि ते सातवा महिना लागल्यावर आलं. चांद्र पंचांगातल्या सातव्या महिन्यात परलोकाची दारं उघडी असतात आणि पलीकडचे चांगले भाऊ (भुतांना आम्ही असंच म्हणतो) आपल्यात फिरत असतात. त्या महिन्यात नवं काही सुरू करायचं नाही, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. मीही गाडी कधी त्या महिन्यात घेतली नाही. पण खोकं उघडून पाहायलाही बंदी असते, हे मला नवीन होतं.

"अप्पा, चालवणार नाही. नुसतं उघडून बघते," ग्योकलुआन म्हणाली.

"उघडलं म्हणजे सुरू झालं."

"कसं काय? वीजसुद्धा जोडणार नाही."

"भाऊ लोकांना ते कळतं का? त्यांना दिसणार, को कुटुंबाच्या घरात नवीन काहीतरी आलंय. बसतील येऊन त्यावर. मग तू उठव त्यांना."

मी मध्ये पडलो. "प्याउ, माल ताब्यात घेताना तपासून घेणं हा धंद्याचा साधा नियम आहे."

"तेंग, तुम्ही तुमची वही तपासा. माझी बोटं शाबूत आहेत ती माझ्या नियमाने."

त्यांच्या थोरल्या भावाचा हात असाच सातव्या महिन्यात आणलेल्या चारा कापायच्या यंत्रात गेला होता. हे मला ठाऊक होतं. यंत्र कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेलं.

ग्योकलुआन हटली नाही. देवाने परवानगी दिली तर अप्पांना नाही म्हणता येणार नाही, असा तिचा हिशेब. आम्ही तिघं भूमिदेवाच्या देवळात गेलो. तिने उदबत्ती लावून प्रश्न विचारला आणि एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर असे लाकडाचे दोन तुकडे जमिनीवर टाकले. एकाची सपाट बाजू वर आणि दुसऱ्याची खाली आली तर होकार. दोन्ही सपाट बाजू वर करून पडले. म्हणजे देव हसतोय. होही नाही आणि नाहीही नाही. तिने पुन्हा टाकले. पुन्हा हसला. तिसऱ्यांदाही तेच.

"बघ, त्यालाही हसू आवरेना," प्याउ म्हणाले.

"तो तुम्हाला हसतोय, अप्पा."



महिना संपला. फळं तोडून शेडमध्ये पसरली गेली. त्यांच्यातलं पाणी उतरून गोडी वर यायला आठवडाभर तरी लागतो, तेवढ्यात यंत्र लावून होईल असं आम्ही धरलं होतं. प्याउंनी नैवेद्य मांडला, देवांना पोचावेत म्हणून कागदी पैसे जाळले आणि स्वतःच्या हाताने खोकं फाडलं. वायरमनने प्लग हातात घेतला, आमच्या भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "हे थ्री फेजचं आहे. तुमच्याकडे थ्री फेज कुठाय?"

नव्या जोडणीचा अर्ज करायचा, पाहणी व्हायची, मग तार यायची. सण उलटून गेला असता. महिनाभर आधी खोकं उघडलं असतं तर हे सगळं आरामात झालं असतं. हे मी बोललो नाही. ग्योकलुआन बोलली, आणि चांगलं तासभर बोलली. प्याउ बूट काढून पुन्हा घालत बसले. पार्सलवाल्यांचा निरोप आलाच होता: सणाच्या दोन दिवस आधी माल घेणं बंद.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्याउ मला म्हणाले, "चला, आ-जोंगकडे जाऊ."

"मी कशाला?"

"मी एकटा गेलो तर ती दार उघडणार नाही."

आ-जोंगबाई म्हणजे निवड करणाऱ्या बायकांची म्होरकी. अंगणात शेंगा सोलत होती. आम्हाला पाहून उठलीही नाही.

"या, या. यंत्र कुठाय? गाडीत बसवून आणायचं होतं."

"आ-जोंग, अडचण झालीये," प्याउ म्हणाले.

"आमचे गुडघे दुखतात हो. तुम्हीच म्हणालात, घरी बसा."

"ते काळजीपोटी म्हणालो."

"वा! इतक्या वर्षांत पहिल्यांदा काळजी, तीही निरोपाने."

प्याउंनी आयुष्यात कोणाची माफी मागितलेली मी पाहिली नव्हती. तेव्हाही त्यांनी मागितली नाही. खाली बसले आणि तिच्या शेंगा सोलू लागले. तिने वाडग्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली, "टरफलं वाडग्यात टाकताय. उद्या येतो आम्ही. पण खुर्च्या हव्यात, ती बुटकी स्टुलं नकोत. आणि जेवणात मासा."

बायका आल्या. शेडमध्ये पाऊल ठेवायला जागा उरली नाही. मी पत्ते चिकटवले, ग्योकलुआन पेट्या बांधायची, प्याउ सगळ्यांवर ओरडायचे. पार्सलवाल्यांची शेवटची गाडी निघाली तेव्हा बऱ्याच पेट्या मागे राहिल्या. त्या ग्योकलुआनने आमच्या ट्रकमध्ये भरल्या आणि स्वतः चालवत शिंचूला नेल्या. सणाच्या आदल्या संध्याकाळी तिचा फोन आला. सगळ्या पोचल्या होत्या.

सणाच्या रात्री अंगणात शेगडीवर मांस भाजत होतं. बायकाही आल्या होत्या. प्याउ ग्लास उंचावून म्हणाले, "पाहिलंत? झालं की नाही? यंत्राची गरजच नव्हती. देऊ विकून."

 ग्योकलुआनने चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"अप्पा, ऑर्डर पोचली ना?"

"पोचली."

"मग शेड कोणाची?"

"तुझी. मी शब्द फिरवत नाही."

"तर यंत्र विकायचं नाही. थ्री फेजचा अर्ज मी सुट्टी संपली की करणार. आणि पुढच्या वर्षी जो माल ज्या महिन्यात येईल त्या महिन्यात उघडणार."

आ-जोंगबाई मोठ्याने हसली. प्याउ ताट तसंच टाकून आत गेले.

सण होऊन बरेच दिवस झाले. सासरे-सून एकमेकांशी बोलत नाहीत. मी वर्षअखेरीला निवृत्त होणार होतो; तसं दोघांनाही सांगून झालं होतं. काल प्याउ माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाले, "तिला सांगा, तार मागच्या भिंतीने आणायची, देव्हाऱ्याच्या बाजूने नाही." मी उठून शेडच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना सांगा, मागची भिंत ओली असते." मी परत आलो. ते म्हणाले, "ओली असेल तर पत्रा मारा म्हणावं." मी पुन्हा गेलो.

"तेंगकाका," ती म्हणाली, "अजून एक वर्ष थांबाल का?"