इस्त्रीच्या आडून

वजनदारराव हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्याने ठेवलं तो मोठा खट्याळ असला पाहिजे. एक तर त्यांचा धंदा दुकानांतले वजनकाटे दुरुस्त करण्याचा. आणि दुसरं म्हणजे त्यांची स्वतःची अंगकाठी अशी, की वारा सुटला की बायको त्यांच्या खिशात दोन वजनं टाकून मगच त्यांना घराबाहेर सोडते, अशी गल्लीत वदंता होती.

आठवडाभर हा गृहस्थ किराणा दुकानांतून आणि भाजीच्या गाळ्यांतून हिंडून वाकडे काटे सरळ करायचा. पण रविवार उजाडला की स्वारी मैदानावरच्या जुन्या सामानाच्या बाजारात. लोक तिथे खुर्च्या, भांडी, सायकली बघायला जातात. वजनदारराव जायचे ते गाण्याच्या यंत्रांसाठी. जुने ॲम्प्लिफायर, स्पीकर, तबकड्या वाजवणारे टर्नटेबल. ज्या वस्तूकडे बघून तुम्हीआम्ही "हे काय, जुना हीटर का?" असं विचारू, तिच्याकडे बघून वजनदाररावांच्या घशाला कोरड पडायची.

त्यांची पारख करण्याची रीत धंद्यातूनच आलेली होती. ते डबा उचलून बघायचे. आतला ट्रान्सफॉर्मर अस्सल असला की डबा हाताला जड लागतो, आणि हलक्या मालाचा डबा दिसायला कितीही ऐटबाज असला तरी तळहातावर येताच खोटं बोलायला लागतो, असं त्यांचं म्हणणं. मग ते मागच्या जाळीला नाक लावायचे. जळका वास आला तर डबा खाली. नुसत्या धुळीचा आला तर त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरायचं, की पलीकडचा अत्तरवाला ओशाळावा.

मात्र हे समाधान दिसून चालत नाही. विकणाऱ्याला कळलं की किंमत चढते. म्हणून वजनदाररावांनी एक युक्ती काढली होती. मनात भरलेल्या यंत्राकडे ढुंकूनही बघायचं नाही. शेजारची इस्त्री उचलायची. ती उलटीसुलटी करायची, वायर ओढून बघायची, घासाघीस करायची, आणि सौदा पटल्यावर जाता जाता म्हणायचं, "आणि हा डबा कशाचा आहे हो? बरं, असू दे, इस्त्रीबरोबर टाका."

एकदा किटल्यांच्या ढिगाखालून त्यांनी काचेच्या व्हॉल्वचा एक ॲम्प्लिफायर असा उचलला होता, की तो बघायला पुढे परगावाहून शौकीन आले. पण या युक्तीचा एक परिणाम असा झाला, की घरात इस्त्र्या फार झाल्या.

"अहो," बायको म्हणायची, "देवाने आपल्याला अंगं दोनच दिलीत. कपडे किती इस्त्री करायचे?"

"इस्त्री ही सबब आहे गं."

"सबब माळ्यावर मावेनाशी झालीय."

मागची खोली तर भरूनच गेली होती. भिंतीला लागून छतापर्यंत यंत्रं. प्रत्येक दुरुस्त केलेलं, पुसलेलं, वर धुळीला म्हणून जुन्या उशीचा अभ्रा पांघरलेलं. दार उघडलं की एखाद्या वसतिगृहात दुपारी सगळी मुलं गप्प झोपलीत असं वाटायचं. आणि या सगळ्यांत उंच, एका कपाटाच्या डोक्यावर, एकच स्पीकर बसलेला होता. डावा. त्याच्या तोंडावर मूळची जाळी नव्हती, पिवळ्या पानांच्या पडद्याचं कापड होतं, तेही तिरकं कापलेलं. त्याला कुणी हात लावायचा नाही असा घरात दंडक होता.

तो वडिलांचा, अण्णांचा. वडिलांनी किती हौसेने तो संच घेतला होता: टर्नटेबल, ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर. घरी आणल्याच्या आठवड्यातच धाकट्याने, म्हणजे आपल्या वजनदाररावांनी, आतला गाणारा माणूस बाहेर काढायला पेन्सिल खुपसून एका स्पीकरची जाळी फाडली. वडील रागावले नाहीत. त्यांनी खिडकीचा पडदा कापला आणि दोन्ही स्पीकरना सारखं कापड लावलं, एकाला वाईट वाटू नये म्हणून. मग संध्याकाळी दोन्हींच्या बरोबर मध्ये एक खुर्ची मांडायचे. गाणं तिथेच खरं ऐकू येतं म्हणायचे. त्या खुर्चीसाठी धाकटा आणि त्याची ताई यांची रोज झोंबाझोंबी. शेवटी वडील दोघांना एकाच खुर्चीत कोंबायचे, अर्धी अर्धी.

ताई मोठी झाली आणि शाळेत गणित शिकवू लागली. लग्न केलं नाही. वडील गेल्यावर घराची वाटणी तिनेच केली, आणि ती इतकी समान केली की शंका घ्यायला जागा नाही. कपबशा अर्ध्या अर्ध्या. खुर्च्या अर्ध्या अर्ध्या. गाण्याचा संचही त्याच हिशेबात सापडला. टर्नटेबल आणि उजवा स्पीकर ताईला, ॲम्प्लिफायर आणि डावा स्पीकर भावाला. ताई कागदात कपबशा गुंडाळत होती तेव्हा वजनदारराव तिच्या शेजारी उभं राहून हळूच म्हणाले होते, "ताई, एवढी जोडी तोडू नकोस ना."

ताईने मान वर केली नाही. उत्तर दिलं नाही. पुढची बशी गुंडाळली.

तेवढंच झालं. भांडण झालं असतं तर निदान मिटवता आलं असतं. पण झालंच नाही ते मिटवणार कसं? येणंजाणं आटलं. लग्नकार्य आणि आजारपण, एवढ्यापुरतं उरलं. ताईच्या कपाटात कुठेतरी उजवा स्पीकर मुका पडलेला असणार हे वजनदाररावांना रोज जाणवायचं, पण मागायचा कसा? एकदा न बोलता नाही म्हटलेल्या माणसाकडे दुसऱ्यांदा कोण हात पसरेल? म्हणून ते बाजारात हिंडायचे. त्याच कंपनीचे, तसलेच उजवे स्पीकर त्यांना तीनचारदा मिळालेही. त्यांनी ते दुरुस्त केले आणि कुणाकुणाला देऊन टाकले. त्यांना तसला उजवा नको होता. आपला हवा होता.

आणि एका रविवारी, गुंडाळलेल्या सतरंजीखालून, पिवळी पानं दिसली.

गाळा होता रिकाम्या होणाऱ्या घरांतलं सामान उचलणाऱ्या बाईंचा. वजनदारराव त्यांचं जुनं गिऱ्हाईक. बाईंनी सवयीने एक इस्त्री पुढे सरकवली. वजनदाररावांनी ती बघितलीच नाही.

"हा कुठून आला?" त्यांनी सरळ स्पीकरवर हात ठेवून विचारलं.

बाईंनी चष्मा वर केला. "इस्त्री नको?"

"आज नको."

"म्हणजे मोठीच वस्तू दिसतेय," असं म्हणून बाईंनी किंमत तिथल्या तिथे वाढवली. वजनदाररावांनी घासाघीस केली नाही. शेजारच्या दोन गाळ्यांवरचे लोक उठून बघायला आले, की यांना बरं नाही की काय.

"एका मास्तरीणबाईंचं घर आहे," बाई कागद गुंडाळताना म्हणाल्या. "तिसरा मजला, जिना असा उभा की काय सांगू. आता चढवत नाही त्यांना. वृद्धाश्रमात खोली घेतलीय. मी विचारलं, कुणी आपलं माणूस नाही का? तर म्हणाल्या, आहे, पण त्याच्याकडे जागा नाही."

वजनदारराव स्पीकर पोटाशी धरून निघाले. ज्याच्यासाठी इतकी वर्षं धूळ हुंगली तो हातात होता, आणि त्यांना त्याचं वजन कळत नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर ताईने दार उघडलं. धापा टाकणाऱ्या भावाकडे बघितलं, मग स्पीकरकडे.

"हा मी परवा विकला."

"मी आज घेतला."

"फसलास. आत ये. इस्त्री नाही आणलीस?"

"तुला कुणी सांगितलं इस्त्रीचं?"

"तुझ्या बायकोचा फोन असतो मला. तिचं आणि माझं चांगलं आहे." ताई खोक्यांमधून वाट काढत आत गेली. "तुझंमाझंही वाईट नाहीये. तू येत नाहीस, एवढंच."

खोल्या निम्म्या रिकाम्या झाल्या होत्या. भिंतीवर चित्रांचे चौकोनी डाग. ताई खाली बसून पुस्तकं बांधू लागली. वजनदारराव तिच्या शेजारी बसले आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत जे घोकत आले होते ते सगळं खालच्या आवाजात बोलले. की तू सांगायचंस तरी. की मी काय परका आहे? की वृद्धाश्रमात जायचं ठरवतेस आणि मला बाजारात कळतं.

ताईने मान वर केली नाही. सुतळीची गाठ मारली. पुढचं पुस्तक घेतलं.

त्यांना ती जुनी बशी आठवली. तीच मान, तेच गप्प बसणं. ते उठले, दाराकडे निघाले, आणि निघताना तिच्या दुसऱ्या बाजूने जावं लागलं म्हणून तिकडून पुटपुटले, "बरं, येतो."

"इतक्यात?" ताई म्हणाली. "बोल तरी काहीतरी. बसल्यापासून गप्प आहेस."

वजनदारराव थांबले. परत डावीकडे गेले. हळू आवाजात म्हणाले, "ताई, चहा टाकतेस का?" ताई सुतळी कापत होती. उजवीकडे आले. तेच म्हणाले.

"टाकते की. पण हे असं फुगडी घातल्यासारखं काय फिरतोयस?"

"तुला या कानाने ऐकू येत नाही?"

"डाव्याने? अण्णा होते तेव्हापासूनच गेलाय तो. वर्गात सांगायची सोय नव्हती. डाव्या बाकांवरच्या कार्ट्यांनी डोक्यावर मिरे वाटले असते." ताईने हात झटकले. "म्हणून तर वाटणीत डावा स्पीकर तुला दिला. म्हटलं, डावीकडचं आपल्याला ऐकूच येत नाही, तर घेऊन काय करू? तुला तरी उपयोगी पडेल."

स्पीकर डावा असला तरी दोन्ही कानांना ऐकू येतो, हे ध्वनिशास्त्र वजनदाररावांच्या जिभेवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं. 

"मी तेव्हा म्हटलं होतं, जोडी तोडू नकोस. तुझ्या डाव्या बाजूला उभा होतो."

ताईने हातातली सुतळी खाली ठेवली.

"मग जरा ओरडायचं की रे," ती म्हणाली. "लहानपणी खुर्चीसाठी ओरडायचास तसं."

"आणि तू ऐकलंस तरी कशावर? ॲम्प्लिफायर तर माझ्याकडे."

"कुठलं ऐकतेय. तबकडी फिरायची, स्पीकर ढिम्म. दोन दिवस खटपट केली. मग कळलं, मधला डबा लागतो."

"मग मला सांगायचं."

"काय सांगायचं? गणिताच्या बाईंनी भागाकार चुकवला म्हणून?"

टर्नटेबल तिने विकलं नव्हतं. ते पलंगाखाली होतं, वृद्धाश्रमात न्यायच्या सामानात. वाजणार नाही हे माहीत असूनही.

"तू आमच्याकडे चल," वजनदारराव म्हणाले. उजव्या बाजूला जाऊन, आणि जरा ओरडूनच.

"तुझ्याकडे जागा कुठे आहे? मागच्या खोलीत म्हणे मुंगीला उभं राहता येत नाही."

 जागा नव्हती हे खरंच होतं, आणि ती कशाने नव्हती हेही खरं होतं.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ताईने फोनवर तिलाही वृद्धाश्रमाचा पत्ता लागू दिला नव्हता. तिने ऐकून घेतलं, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, "आधी इस्त्र्या काढा."

इस्त्र्या एका दुपारात निघाल्या. यंत्रांना वेळ लागला. वजनदारराव एकेक अभ्रा काढायचे, डबा उचलायचे, दोन्ही हातांवर तोलून धरायचे आणि तसेच उभे राहायचे. किटल्यांखालचा तो व्हॉल्वचा ॲम्प्लिफायर तर त्यांनी उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. बायकोने दारातून बघितलं आणि खाली पडलेला अभ्रा धुवायला घेऊन गेली. संध्याकाळपर्यंत मागच्या खोलीला खिडकी आहे असं आढळून आलं. ती कुठल्या बाजूला उघडते हे कुणालाच आठवत नव्हतं.

ताई आली ती, "महिनाभर बघते, नाही जमलं तर जाईन," असं बजावत. खोलीत तिचा पलंग, तिची पुस्तकं, आणि वडिलांचा संच. पिवळ्या पानांचे दोन्ही स्पीकर, तिरक्या कापडाचे, पुन्हा एकमेकांशेजारी. वजनदाररावांनी बरोबर मध्ये खुर्ची मांडली.

"बस."

ताई बसली. तबकडी लागली. थोड्या वेळाने ताईने खुर्ची हळूहळू फिरवली, उजवा कान स्पीकरकडे येईपर्यंत. आता तिचं तोंड भिंतीकडे, म्हणजे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या भावाकडे होतं.

"छान वाजतंय," ती म्हणाली. "फक्त तबकडीची पूर्ण बाजू संपेपर्यंत तुझ्या तोंडाकडे बघावं लागणार."

"सरक जरा," वजनदारराव म्हणाले आणि अर्ध्या खुर्चीत बसले. एवढ्या अंगकाठीला अर्धी पुरायचीच.

पुढच्या रविवारी वजनदारराव बाजारात टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होते, समोर सगळी यंत्रं आणि इस्त्र्या मांडून. ताई शेजारी स्टुलावर बसली होती. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ती सहज कूस बदलल्यासारखी त्याच्याकडे डावा कान करायची आणि निर्मळ हसत राहायची. एवढ्या हसऱ्या माणसाशी किती वेळ घासाघीस करणार? लोक सांगितली किंमत देऊन जात.

दुपारी चष्मा लावलेला एक तरुण आला. त्याने टेबलावरून नजर फिरवली, व्हॉल्वच्या ॲम्प्लिफायरपाशी क्षणभर अडखळला, आणि एकदम कडेची इस्त्री उचलली. उलटी केली. वायर ओढून बघितली.

"ही केवढ्याला?"

वजनदारराव खाली वाकून एक अभ्रा झटकू लागले. हसू लपवायला दुसरी सोय नव्हती.

ताईने त्या मुलाकडे उजवा कान केला. "इस्त्री फुकट घेऊन जा, बाळ," ती म्हणाली. "आणि तो डबा आधी उचलून बघ. दोन्ही हातांनी."