नाताळात विकलं जाणारं हसू

हसू माणसांना जवळ आणतं, असं थोर लोक सांगत आले आहेत. इंग्लंडात लीड्सला ताईकडे होतो, तेव्हा नाताळच्या आदल्या दिवशी साडेतीनलाच अंधारून आलं. दुकानात विनोदवीरांच्या डीव्हीडींची चळत होती, सगळे चेहरे दात विचकलेले. वादळाआधी मेणबत्त्या घ्याव्यात, तशी माणसं त्या मुकाट्याने उचलत होती. ज्या घरात बोलणं धोक्याचं असतं, तिथे बोलायला परका माणूस लागत असावा.

ताईच्या शेजारीण मार्गारेटबाईही त्या दुकानात होत्या. नवरा गेल्यापासून त्यांचे दोन मुलगे घराच्या वाटणीवरून एकमेकांशी बोलत नव्हते. उद्या दोघेही जेवायला येणार होते.

“किती वेळ चालते ही?” बाईंनी विचारलं.

“दीड तास. हसून पोट दुखेल, बाई,” विक्रेता म्हणाला.

“मुलं चार तास थांबणार आहेत.”

त्यांनी तीन घेतल्या.