सिकंदरचे दात आणि माईंची बोटं

आपा सरांनी पिल्लू माझ्या टेबलावर ठेवलं, ते पोलिसांनी मुद्देमाल ठेवावा तसं. मागून त्यांच्या पत्नी माई आल्या. उजव्या हाताला बँडेज. त्यांच्यामागे सून वैशाली, हातात पिशवी.

"डॉक्टर, हा चावतो," सर म्हणाले.

"कोणाला?"

"सर्वांना. हिला विशेष."

पिल्लाने तेवढ्यात माझ्या स्टेथोस्कोपची नळी तोंडात घेतली होती. मी ती न ओढता तशीच राहू दिली. दोन मिनिटांत त्याला कंटाळा आला आणि त्याने ती सोडली. सरांनी हे पाहिलं, पण त्यात काही शिकण्यासारखं आहे असं त्यांना वाटलं नसावं.

तेव्हा मी डिचोलीला सरकारी गुरांच्या दवाखान्यात होतो. मोपाच्या पठारावर विमानतळ होणार की नाही यावर लोक अजून भांडत होते. माझ्याकडे येत त्या मुख्यतः म्हशी, गायी, बकऱ्या. कुत्री येत ती इंजेक्शनपुरती. कुत्र्याच्या वागणुकीची तक्रार घेऊन दवाखान्यात येणं ही नवीनच गोष्ट होती. लोक असल्या तक्रारी घरच्या घरी काठीने मिटवत.

आपा सर मये गावच्या मराठी शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीने त्यांची शाळा काढून घेतली होती, मुख्याध्यापकपद तेवढं ठेवलं होतं. घरातही ते छापील मराठी बोलत. पिल्लाचं नाव त्यांनी सिकंदर ठेवलं होतं. मुलगा जहाजावर नोकरीला. मुरगावला उतरला होता तेव्हा त्याने हे पिल्लू आईला सोबत म्हणून आणून दिलं आणि परत समुद्रावर गेला. लॅब्राडोर म्हणून आणलं होतं. त्यात लॅब्राडोर किती हे पिल्लाच्या आईलाच माहीत.

माई हृदयविकारासाठी रक्त पातळ ठेवणारी गोळी घेत. या गोळीवर असलेल्या माणसाला साधा ओरखडा आला तरी रक्त लवकर थांबत नाही. सिकंदरचे दुधाचे दात, आणि दुधाचे दात म्हणजे सुयाच. चार दिवसांपूर्वी माईंचं बोट इतकं वाहिलं की त्यांना आरोग्य केंद्रात न्यावं लागलं. तिथे ड्रेसिंग झालं, रेबीजची इंजेक्शनं सुरू झाली, आणि म्हापशाच्या त्यांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, कुत्रा घरात नको.

"म्हणून मी निर्णय घेतला आहे," सर म्हणाले. "रविवारी बाबल याला घेऊन जाणार."

बाबल म्हणजे सावंतवाडीकडचा एक ट्रक ड्रायव्हर. खाणीच्या गॅरेजमागे खोली करून राहत होता. गॅरेजला राखणीला कुत्रा हवा होता. राखण म्हणजे दिवसभर साखळी.

"मग माझ्याकडे कशाला आलात?" मी विचारलं.

सरांनी माईंकडे बोट केलं.

"दोतोर, तो गेल्यार हांवें कोणाकडेन उलोवप?" त्या म्हणाल्या. "सून ऑफिसांत. आनी हे? हे आयकनात, चुको काडटात."

सर ऐकत नाहीत, नुसत्या चुका काढतात, मग बोलायचं कोणाशी, हे ऐकून वैशालीने चटकन खिडकीबाहेर पाहिलं. हसू दाबायचं असलं की माणसं खिडकी शोधतात.

सोमवार होता. रविवारपर्यंत सहा दिवस. मी म्हटलं, बघूया. मला खात्री होती, कारण गोष्ट अवघड नव्हती.

पिल्लू खेळताना चावतं यात राग नसतो. त्याला हात नाहीत, म्हणून ते जग तोंडाने चाचपतं. किती जोरात चावायचं हे ते आपल्या भावंडांत शिकतं. एकाने जोरात चावलं की दुसरं किंचाळतं आणि खेळ सोडून निघून जातं. पहिल्याला कळतं, एवढा जोर केला की खेळ संपतो. सिकंदरला आईपासून पाचव्या आठवड्यातच उचललं होतं. म्हणजे पहिली इयत्ता न शिकताच तो आपा सरांच्या हाताखाली आला होता.

उपाय तोच, फक्त भावंडांच्या जागी माणसं. दात कातडीला लागले की हात हिसकायचा नाही. हिसकला की त्याला वाटतं शिकार पळाली. हात ढिला सोडायचा, उठायचं, पाठ फिरवायची, अर्धा मिनिट त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही. मग परत येऊन हातात जुन्या टॉवेलची गाठ घ्यायची. चावायचं ते गाठीला. मारायचं नाही, तोंड दाबून धरायचं नाही. आणि दुपारी झोपू द्यायचं, कारण दमलेलं पिल्लू जास्त चावतं.

"सर्वांनी सारखंच करायचं," मी सांगितलं. "एकाने जरी वेगळं केलं तरी सगळं पाण्यात. घरात त्याच्याशी हाताने कोण खेळतं?"

"कोणी नाही," सर म्हणाले.

"माई?"

"ना गो बाई, खेळना," असं माई वैशालीकडे बघून म्हणाल्या. जखम भरेपर्यंत माईंनी बँडेजचा हात लांब ठेवायचा, जे करायचं ते डाव्या हाताने, असं ठरलं.

सरांनी त्याच संध्याकाळी पुठ्ठ्यावर नियम लिहून बैठकीच्या खोलीत टांगले. नियम क्रमांक एक, सिकंदरशी कोणीही हाताने खेळू नये. अक्षर सुंदर होतं. सिकंदरला वाचता येत नव्हतं एवढीच अडचण.

गुरुवारी वैशालीचा ऑफिसमधून फोन आला.

"डॉक्टर, माझ्याकडे आता दात लावतो आणि लगेच सोडतो. आपांकडे तर लावतच नाही, लांबून जातो."

"छान."

"पण माईंना वाढलंय. आज सकाळी परत लागलं. डाव्या हाताला. जरासंच, पण अर्धा तास कापूस धरून बसले होते मी. आपांनी बाबलला परत निरोप दिलाय. रविवार नक्की म्हणून."

आता इथे माझी चूक. एकच पिल्लू दोघांशी शहाणं आणि तिसऱ्याशी वेडं वागतं, तर दोष तिसऱ्यात, असा सरळ हिशोब मी केला. मी त्यांच्या घरी फोन लावून माईंना बोलावलं आणि म्हटलं, "माई, तुम्ही हात ओढून घेता. नाहीतर लाडाने परत देता. तुमच्यामुळे तो जाईल हं."

मग माई म्हणाल्या, "हांव हात ओडिना, दोतोर." आणि त्यांनी फोन ठेवला.

तोपर्यंतच्या नोकरीत गुरांच्या मालकांनी मला खूप खोटं सांगितलं होतं. आजारी म्हैस कालपर्यंत धडधाकट होती, हे तर ठरलेलंच. त्यामुळे खरं कसं ऐकू येतं याचा थोडा अंदाज आला होता. माईंचं ते वाक्य खरं होतं. ते मला दोन दिवस टोचत राहिलं. शनिवारी सकाळी साडेसहाला मी स्कूटर काढली आणि न सांगता मयेला गेलो.

सर अंगणाकडे तोंड करून आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. वैशाली आत डबा भरत होती. माई व्हरांड्याच्या बाकावर, शेजारी चहाचा पेला. सिकंदर पायरीवर झोपलेला. मला बघून त्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

मग रस्त्यावर पदेराचा भोंगा वाजला. पदेर म्हणजे आमच्याकडे सायकलवरून दारोदार पाव विकणारा. सिकंदर ताडकन उठला, पण पदेराकडे गेला नाही. तो माईंसमोर येऊन बसला. असा शिस्तीत बसला की मी चकितच झालो.

वैशालीने बाहेर येऊन पाव घेतले आणि माईंच्या मांडीवर दोन कांकणं ठेवली. कांकण म्हणजे मनगटाएवढा गोल, मध्ये भोक असलेला पाव. लाकडासारखा कडक. चहात बुडवल्याशिवाय खाता येत नाही, आणि मोडायला ताकद लागते. माईंच्या बोटांत ती राहिली नव्हती.

माईंनी कांकण डाव्या हाताच्या दोन बोटांत अडकवलं आणि पुढे केलं. सिकंदरने दुसरी बाजू दातांत धरली. माई धरून बसल्या. तो ओढू लागला, गुरगुरला, त्याने जबडा आणखी वर सरकवला, बोटांच्या अगदी जवळ. मग जोर लावला. काडकन आवाज आला. अर्धं त्याच्या तोंडात, अर्धं माईंच्या बोटांत.

"शाबास रे पुता!" माई म्हणाल्या आणि आपला अर्धा तुकडा चहात बुडवला.

पशुवैद्य म्हणून मी त्या क्षणी काय म्हणायला हवं होतं ते मला माहीत आहे. मी एवढंच म्हणालो, "माई, हे रोज?"

"रोज. सकाळी आनी सांजवेळां."

"मी तुम्हाला विचारलं होतं, हाताने कोण खेळतं."

"खेळ खंयचो, दोतोर? ही च्या!" त्यांनी चहाचा पेला दाखवला.

मी सरांकडे वळलो. त्यांची खुर्ची बाकापासून चार हातांवर. "सर, तुम्हीही रोज बघता?"

"बघतो ना," सर वर्तमानपत्र खाली करत म्हणाले. "परंतु तो अल्पोपहार आहे."

दोघंही खोटं बोलले नव्हते. मी खेळाबद्दल विचारलं होतं, त्यांनी खेळाबद्दल उत्तर दिलं होतं. इकडे सिकंदरला दिवसातून दोनदा एकच धडा मिळत होता. माईंच्या बोटांजवळ जितक्या जोरात चावशील तितका लवकर पाव, वर शाबासकी. दिवसभर माईंचा हात दिसला की तो तेच करून दाखवत होता. त्या घरात मनापासून अभ्यास करणारा तोच एक होता.

हे मी सांगितलं तेव्हा माईंनी पेला खाली ठेवला.

"म्हणजे हांवेंच ताका शिकयलें?"

"हो. आणि छान शिकवलंत. परवा फोनवर मी तुम्हाला उगाच बोललो. तुम्ही हात ओढत नव्हता, हे खरं होतं."

"तें हांवें सांगलेंच तुमकां," माई म्हणाल्या. माफी मागितल्याबद्दल त्यांनी मला एक आख्खं कांकण दिलं.

त्याच व्हरांड्यात नवा धडा सुरू केला. कांकण वैशाली बत्त्याने फोडणार, माईंचा तुकडा वेगळ्या बशीत. सिकंदरचा तुकडा माईंनी बंद मुठीत धरायचा. तो मूठ चाटेल, हुंगेल, दात लावेल. दात लावले की मूठ मागे, पाठ फिरवायची. तोंड आपणहून मागे घेतलं की तुकडा जमिनीवरच्या वाटीत. हातातून कधीच नाही. पहिले काही दिवस वैशालीने माईंच्या हातावर जाड बागकामाचा मोजा चढवायचा. पहिल्या सकाळी त्याने मोज्यावर अकरा वेळा दात लावले. बाराव्या वेळी तो थांबला, मागे सरकला आणि आमच्याकडे बघू लागला. वाटीत तुकडा पडला.

पण एका सकाळीत कुत्रा बदलत नाही. रविवारी मी परत गेलो तेव्हा बाबल साखळी घेऊन दारात उभा होता.

"काय सर, न्हेव मां?" त्याने विचारलं.

माई आतल्या दारात उभ्या होत्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"डॉक्टर, किती दिवस लागतील?"

"तीन आठवडे. मोजा काढायचा नाही. आणि पुन्हा रक्त आलं तर मीच त्याला बाबलकडे पोचवीन."

सर बाबलकडे वळले. "बाबल, आम्ही त्याला चुकीचं शिकवलं आणि तो ते बरोबर शिकला. अशा विद्यार्थ्याला शाळेतून काढता येत नाही."

"मगे मी फुकट इलंय?"

"चहा घेऊन जा," सर म्हणाले.

बाबलने चहा घेतला. साखळी त्याने बाकावर माईंपासून लांब ठेवली, हे मला आवडलं.

मोजा चौथ्या आठवड्यात निघाला. त्यानंतर मी एकदा तपासायला गेलो तेव्हा सिकंदरने माईंची बोटं तोंडात घेतली, क्षणभर तशीच धरली, आणि दात न उमटवता सोडून दिली. म्हापशाच्या डॉक्टरांनी माईंचे हात उलटसुलट करून पाहिले आणि कुत्र्याचा विषय काढला नाही. सिकंदर त्या घरात तेरा वर्षं राहिला.

त्या प्रकरणानंतर मी कुत्र्याच्या मालकाला "कोण खेळतं?" असं विचारणं सोडलं. "सकाळी उठल्यापासून घरात काय काय होतं ते सांगा" असं विचारतो. उत्तर ऐकायला अर्धा तास जातो. त्यात देवपूजा येते, शेजाऱ्यांची भांडणं येतात, कोणाचं बीपी किती ते येतं. जी गोष्ट मालकाकडून सांगायची राहूनच जाते, ती बघायला मात्र स्कूटर काढावी लागते.